'कॉज ऑफ' बरोबर, मग 'रीझन ऑफ' का नाही?

क्वालिटी_चाकण:

नमस्कार मंडळी. चाकणच्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभाग बघतो. गाड्यांची कास्टिंग करून (म्हणजे साच्यात धातू ओतून भाग बनवून) त्यांचं मशीनिंग करायचं, म्हणजे यंत्रावर कापून मापात आणायचं, असं आमचं काम, आणि बराच माल परदेशी जातो. माल नापास झाला की गिऱ्हाईक एट-डी रिपोर्ट मागतं. ज्यांचा याच्याशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगतो: तक्रार काय, तात्पुरती सोय काय केली, मूळ कारण काय सापडलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, हे ठरलेल्या क्रमानं लिहून द्यायचं. फोर्ड कंपनीनं १९८७ साली ही पद्धत पुस्तिकेच्या रूपात आणली. आज आमच्या पट्ट्यात तिच्याशिवाय पान हलत नाही.

हे रिपोर्ट आमच्याकडे डिप्लोमा झालेली पोरं लिहितात. बहुतेक जुन्नर, खेड, आंबेगावकडची, मराठी माध्यमातली. मोजमाप चोख, निरीक्षण चोख. इंग्रजी वाक्यही हळूहळू जमायला लागलंय. अडतं ते एकाच जागी: नामाच्या पुढे ऑफ, फॉर, इन, टू यातलं काय लावायचं. परवा एकानं 'रीझन ऑफ रिजेक्शन' लिहिलं, मी तिथं 'फॉर' केलं. त्याच पानावर खाली 'कॉज ऑफ रिजेक्शन' होतं, ते तसंच ठेवलं. तो म्हणाला, "सर, दोन्हीचा अर्थ कारणच ना? मग एकाला फॉर आणि दुसऱ्याला ऑफ असं का?"

प्रश्न रास्त आहे. मला कानाला कळतं, पण माझा कान त्याच्या काय कामाचा? 'डिमांड ऑफ न्यू गेज', 'डॅमेज ऑफ थ्रेड', 'सोल्यूशन ऑन बर प्रॉब्लेम' ही आणखी रोजची उदाहरणं. (गेज म्हणजे माप तपासायचं साधन, थ्रेड म्हणजे आटे, बर म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची कोर.) याच्या मागे काही सूत्र आहे का? पोरांना नुसतं दुरुस्त करून द्यायचं नाहीये, कारणासकट सांगायचंय.


स्पर्धापरीक्षा_सदाशिवपेठ:

सूत्रबित्र काही नाही, सर. अभ्यासिकेत आम्ही याद्याच पाठ करतो. कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात मागे दिलेल्या असतात. रोज थोड्या थोड्या करायला लावा.


शुद्ध_मजकूर_कर्वेनगर:

यादीबद्दल माझं मत वेगळं आहे. आणि तुमच्या त्या मुलाचा प्रश्न इतका नेमका आहे की सविस्तर लिहिते. पंप आणि व्हॉल्व्हच्या माहितीपुस्तिका तपासणं हे माझं काम. मजकूर मराठी इंजिनिअरांनी इंग्रजीत लिहिलेला असतो, आणि माझा लाल पेन सगळ्यात जास्त याच जागी थांबतो.

आधी इंग्रजी बाजूला ठेवा. फळ्यावर 'मुलगा' लिहा आणि मुलांना पाच नामं द्या: विश्वास, आदर, काळजी, मैत्री, विरोध. ती न अडखळता म्हणतील, मुलावर विश्वास, मुलाबद्दल आदर, मुलाची काळजी, मुलाशी मैत्री, मुलाला विरोध. मुलगा तोच आहे. मग वर, बद्दल, ची, शी, ला हे कुणी ठरवलं? त्या-त्या नामानं. 'आदर'ला 'बद्दल' लागतं हे यांना कुठल्याही बाईंनी शाळेत शिकवलेलं नाही, तरी कुणी 'मुलावर आदर' म्हणत नाही. इंग्रजीतही ठरवणारं नाम तेच असतं, फक्त ते आधी येतं. म्हणजे 'रीझन' लिहिलं त्याच क्षणी पुढचा 'फॉर' ठरला. मग पुढे रिजेक्शन येवो, डिले येवो की ॲबसेन्स. मुलं उजवीकडच्या शब्दाकडे बघून विचार करत बसतात. त्यांना डावीकडे बघायची सवय लावा. माझ्या मते अर्धं काम तिथंच होतं.

आता चुका कुठून येतात ते. तुमची उदाहरणं मराठीत म्हणून बघा: रिजेक्शनचं कारण, गेजची मागणी, थ्रेडचं नुकसान. यांत भर घाला, प्रश्नाचं उत्तर, मशीनची गरज. पाचही ठिकाणी आपली षष्ठी, चा-ची-चे. आणि चा-ची-चे म्हणजे ऑफ हे पाचवीपासून डोक्यात बसलेलं. इंग्रजी मात्र या पाचांना दोन वाटांनी नेतं: रीझन फॉर, डिमांड फॉर, नीड फॉर, पण डॅमेज टू, आन्सर टू. म्हणजे आपल्या षष्ठीच्या पोटात इंग्रजीचे फॉर आणि टू दडलेले आहेत, आणि खरी मेहनत करायची ती तिथं.

जिथं मराठीत षष्ठी नाही तिथं मुलं फारशी चुकत नाहीत, हे तुमच्याच रिपोर्टांत तपासून बघा. रिजेक्शनमध्ये वाढ, इन्क्रीज इन. आयातीवर बंदी, बॅन ऑन. या मटेरिअलला पर्याय, ऑल्टरनेटिव्ह टू. उत्पादनावर परिणाम, इफेक्ट ऑन. दोन्ही भाषा इथं हातात हात घालून चालतात, त्यामुळे यांवर वेळ घालवू नका. जिथं फसगत होते अशा थोड्याच जागा आहेत. आपण समस्ये'वर' उपाय करतो म्हणून मुलं 'सोल्यूशन ऑन' लिहितात, तिथं टू हवा. आपण माणसा'वर' विश्वास ठेवतो, इंग्रजी ट्रस्ट 'इन' म्हणतं. आपण कुणा'शी' लग्न करतो, इंग्रजीत मॅरेज 'टू'. हे शेवटचं तुमच्या रिपोर्टात येणार नाही, पण मुलांच्या लक्षात राहील.

राहिलं कॉज आणि रीझन. कॉज म्हणजे जे प्रत्यक्ष घडवतं. साचा थंड राहिला म्हणून कास्टिंगमध्ये कोल्ड शट आला (म्हणजे ओतलेल्या धातूचे प्रवाह एकजीव न होता मध्ये रेघ राहिली), तर साच्याचं कमी तापमान हे कोल्ड शटचं कॉज. कुणी विचारो न विचारो, ते तिथं आहेच. रीझन म्हणजे 'का?' या प्रश्नाला दिलेलं उत्तर, एखाद्या गोष्टीमागचा आधार. माल दोन दिवस रोखून ठेवला, का ठेवला, त्याचं रीझन. म्हणूनच एकाच पानावर दोन्ही लागतात: तडा का गेला याचं कॉज ऑफ, आणि तो तडा तपासणीत का सापडला नाही याचं स्पष्टीकरण देताना रीझन फॉर.

हे मी रचून सांगत नाही, याची खूण भाषेतच आहे. कॉज हा शब्द जेव्हा 'सबळ आधार' या अर्थानं येतो तेव्हा तोही फॉर घेतो: 'कॉज फॉर कन्सर्न', 'कॉज फॉर कम्प्लेंट'. शब्द तोच, अर्थ सरकला आणि शेपूट बदललं. रीझनचंही तसंच. 'फॉर रीझन्स ऑफ सेफ्टी' हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे, कारण तिथं सेफ्टी हेच कारण आहे. 'रीझन फॉर रिजेक्शन'मध्ये रिजेक्शन हे कारण नाही, रिजेक्शनमागे दुसरं काही कारण आहे. हा फरक त्या मुलाला सांगा, त्याला नक्की आवडेल. आणि फलकावर लावायला एक वाक्य हवं असेल तर आयएसओ ९००० या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत करेक्टिव्ह ॲक्शनची व्याख्या 'ॲक्शन टू एलिमिनेट द कॉज ऑफ अ नॉनकन्फर्मिटी' (नॉनकन्फर्मिटी म्हणजे ठरलेली अट पूर्ण न होणं) अशी सुरू होते. तुमच्या धंद्यातलंच वाक्य आहे, दुसरं शोधायला नको.

एक मात्र सांभाळा. इतकं ऐकल्यावर मुलं ऑफ लिहायलाच घाबरतात. त्याची हक्काची जागा त्यांना दाखवून द्या: आकडा. 'अ डिले ऑफ टू डेज इन डिस्पॅच'. 'अ डेव्हिएशन ऑफ ०.०८ मिलिमीटर फ्रॉम द ड्रॉइंग'. 'अ डिफरन्स ऑफ ०.०२ मिलिमीटर बिट्वीन द टू रीडिंग्ज'. किती, हे सांगायला ऑफ, आणि कशात, कशापासून, कशाकशात हे सांगायला त्या नामाचं स्वतःचं इन, फ्रॉम, बिट्वीन. एका नामाला दोन शेपटं असू शकतात हे एकदा दिसलं की एट-डीमधली निम्मी वाक्यं आपोआप सरळ होतात. जाता जाता, रिजेक्शन २ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर गेलं तर 'इन्क्रीज ऑफ २ पर्सेंट' लिहू देऊ नका. ती वाढ २ पर्सेंटेज पॉइंटची आहे, टक्क्यांत मोजली तर शंभर टक्के होते. हा भाषेचा मुद्दा नाही, पण गिऱ्हाइकाला पाठवायच्या कागदावर तो असायलाच हवा.


क्वालिटी_चाकण:

ताई, मनापासून आभार. मुलगा आणि पाच नामं हे आज दुपारच्या मीटिंगमध्येच करून बघितलं. 'मुलावर आदर' म्हटल्यावर सगळे खो-खो हसले, आणि मग एकदम गप्प झाले. म्हणजे मुद्दा पोचला.

पण दोषांची नावं लिहिताना काय करायचं? आपण 'कास्टिंगला क्रॅक आहे', 'बोअरला (म्हणजे आतल्या गोल भोकाला) स्क्रॅच आहे', 'कडेला बर आहे' असं सगळीकडे 'ला'च म्हणतो. पोरं मग 'क्रॅक टू कास्टिंग' लिहितात, किंवा 'ॲट'. इथंही नामच ठरवतं का?


सीएनसी_भोसरी:

याचं मी सांगतो. इंग्रजीचा अभ्यास नाही, पण भोसरीत कायम तपासणीच्या टेबलावरच असतो आणि परदेशी गिऱ्हाइकांचे दोषांचे फोटो, त्याखालच्या ओळी रोज वाचतो.

दोष आत गेलाय की वर बसलाय ते बघायचं. क्रॅक इन, होल इन, पोरॉसिटी (धातूतली बारीक छिद्रं) इन, डेंट इन. हे धातूच्या अंगात असतं. स्क्रॅच ऑन, रस्ट ऑन, स्टेन ऑन, बर ऑन. हे पृष्ठभागावर किंवा कडेवर. आमच्याकडे नवीन पोराला मी नख फिरवायला सांगतो. डाग असेल तर नख सरळ निघून जातं, बर असेल तर कडेला अडकतं, पण दोन्ही वरचेच, म्हणून ऑन. तड्याला नख लावून काय कळणार, त्याला डाय पेनिट्रंट, म्हणजे तड्यात शिरणारा रंगीत द्रव, लागतं, लाल रेघ उमटते ती आतून बाहेर आलेली असते. म्हणून इन. हे हातानं करून बघितलेलं पोरगं परत विचारायला येत नाही.

आणि दोषाचं नाव न घेता मोघम 'नुकसान' लिहायचं असेल तर ताईंनी सांगितलं तसं डॅमेज टू. 'डॅमेज टू द थ्रेड'.


शुद्ध_मजकूर_कर्वेनगर:

सीएनसी_भोसरी, फार छान सांगितलंत. यात भर घालायला माझ्याकडे फारसं नाही. इथं इन आणि ऑन त्यांच्या मूळ जागेच्या अर्थानंच येतात, म्हणून डोळ्यांनी ठरवता येतं. 'इन्क्रीज इन'मधला इन डोळ्यांना दिसत नाही, तो नामाकडूनच घ्यावा लागतो. एक ओरखडा खूपच खोल गेला तर कुणी 'स्क्रॅच इन' लिहिलेलंही सापडेल, आणि ते तुमच्याच कसोटीला धरून आहे.


आयटी_हडपसर:

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. अर्थ कळला की झालं ना? 'डिस्कस अबाउट' आमच्या ऑफिसात सगळे म्हणतात, दिल्ली-चेन्नईचेही म्हणतात. समोरच्या जर्मनाला किंवा कोरियनलाही इंग्रजी परकंच आहे. चाकणच्या पोरानं 'रीझन ऑफ' लिहिलं म्हणून कुणाचं काय अडतं?


शुद्ध_मजकूर_कर्वेनगर:

राग कशाचा, हा मुद्दा यायलाच हवा होता. 'रीझन ऑफ'नं खरंच कुणाचं अडत नाही. तिथं मीही मुलांना फार बोलणार नाही. पण सगळ्या जागा तशा निरुपद्रवी नसतात.

'इन्स्पेक्शन ऑफ द सप्लायर' हे घ्या. लिहिणाऱ्याच्या मनात असतं, सप्लायरनं केलेली तपासणी. वाचणारा समजतो, सप्लायरचीच तपासणी झाली. मराठीत 'सप्लायरची तपासणी' म्हटलं की दोन्ही अर्थ निघतात, आपण संदर्भावरून समजून घेतो. रिपोर्ट वाचणारा माणूस दुसऱ्या खंडात बसलेला असतो, त्याच्याकडे तो संदर्भ नसतो. 'इन्स्पेक्शन बाय द सप्लायर' लिहिलं की प्रश्नच मिटला. 'कम्प्लेंट ऑफ द कस्टमर'ही तसंच: तक्रार कुणाकडून आली ते फ्रॉम, कशाबद्दल ते अबाउट, कुणाविरुद्ध ते अगेन्स्ट. तीन वेगळ्या गोष्टी एका ऑफमध्ये कोंबल्या की वाचणाऱ्यानं काय समजायचं?

आणि जिथं पैसे येतात तिथं तर फारच जपायला हवं. 'रिस्पॉन्सिबिलिटी ऑफ' आणि 'रिस्पॉन्सिबिलिटी फॉर' बघा. ऑफच्या पुढे जबाबदार माणूस किंवा कंपनी येते, फॉरच्या पुढे ते काम. 'रिस्पॉन्सिबिलिटी ऑफ द ट्रान्सपोर्टर' म्हणजे ट्रान्सपोर्टरवर असलेली जबाबदारी, आणि 'रिस्पॉन्सिबिलिटी फॉर द ट्रान्सपोर्टर' म्हणजे ट्रान्सपोर्टरच्या वागण्याची जबाबदारी दुसऱ्या कुणीतरी घेतलेली. वाटेत पेट्या भिजल्या तर या दोन वाक्यांचं बिल वेगवेगळ्या पत्त्यांवर जाईल. चाकणच्या मुलांच्या नावानं गेलेल्या कागदावर त्यांचा अर्थ जसाच्या तसा पोचावा, हे मला मनापासून वाटतं. ती मेहनतीनं मोजतात, तपासतात. एका अक्षरामुळे त्यावर शंका येऊ नये.


जुनी_पुस्तकं_एबीसी:

अप्पा बळवंत चौकात पुस्तकांच्या दुकानात असतो, म्हणून कोशांचं सांगतो. शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी कोश घ्या, ऑक्सफर्डचा किंवा लाँगमनचा. साधा इंग्रजी-मराठी कोश या कामाला अपुरा पडतो, तो अर्थ देतो, शेपूट देत नाही. ऑक्सफर्डचा कोश ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांचा कोश आधी १९४२ मध्ये जपानमध्ये निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला. म्हणजे तुमच्या पोरांसारख्यांना काय अडतं हे बघूनच तो रचलेला आहे.

छापील प्रतीत 'डिमांड' काढा. नाम म्हणून नोंद असेल तिथं एक नागमोडी रेघ आणि तिच्यापुढे कंसात फॉर दिसेल. ती रेघ म्हणजे मूळ शब्द. हे चिन्ह वाचायला शिकवलं की यादी लागतच नाही, आख्खा कोशच यादी होतो. जुनी आवृत्तीही चालेल, ही शेपटं काही दर वर्षी बदलत नाहीत. रिपोर्ट लिहिणाऱ्यांसाठी आणखी खास हवा असेल तर बीबीआय नावाचा कोश आहे, १९८६ सालचा, तो कोणत्या शब्दामागे काय येतं एवढ्यासाठीच केलाय. दुकानात तो सहसा मिळत नाही, मागवावा लागतो.

एक खबरदारी. नोंद नामाची आहे की क्रियापदाची ते आधी बघायचं. 'रिक्वेस्ट' नाम असेल तर रिक्वेस्ट फॉर डेव्हिएशन. क्रियापद असेल तर 'वी रिक्वेस्ट अ डेव्हिएशन', मध्ये काहीच नाही.


शुद्ध_मजकूर_कर्वेनगर:

हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं, बरं झालं तुम्ही काढलंत. इंग्रजी क्रियापदाला थेट कर्म घेता येतं, नामाला घेता येत नाही, म्हणून नामाला मध्ये कुणीतरी लागतं. डिस्कशन अबाउट, पण नुसतं डिस्कस. एम्फसिस ऑन, पण नुसतं एम्फसाइझ. इफेक्ट ऑन, पण नुसतं अफेक्ट. अप्रोच टू, पण क्रियापद असेल तर नुसतं अप्रोच. आयटी_हडपसर, तुमच्या ऑफिसातलं 'डिस्कस अबाउट' इथूनच आलंय, नामाचं शेपूट क्रियापदाला चिकटलं.

विशेषणांचा कारभार आणखी निराळा. प्राउड ऑफ, पण प्राइड इन. फाँड ऑफ, पण फाँडनेस फॉर. एका कुटुंबातले शब्द म्हणून एकच शेपूट असेल असं धरून चालू नका, प्रत्येकाची नोंद वेगळी बघायची.


क्वालिटी_चाकण:

एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. आमच्या जुन्या रिपोर्टांमधून आमचीच नामं काढतो आणि प्रत्येकासमोर पोरांकडून एकेक पूर्ण वाक्य लिहून घेतो, कोशात बघून. षष्ठीवाली आधी. नखाची गोष्ट तर उद्याच.

शेवटची एक शंका. आमचे मेल नेहमी 'रिप्लाय ऑफ युवर मेल' असे सुरू होतात. तिथं टू हवा हे आता कळलं. पण 'रिस्पॉन्स' शब्द असेल आणि सप्लायरनं दिलेलं उत्तर म्हणायचं असेल, तर टू की फ्रॉम?


शुद्ध_मजकूर_कर्वेनगर:

दोन्ही, आपापल्या जागी. ज्यानं दिलं त्याच्या आधी फ्रॉम, ज्याला उद्देशून दिलं त्याच्या आधी टू: 'द रिस्पॉन्स फ्रॉम द सप्लायर टू अवर कम्प्लेंट अबाउट द प्लेटिंग'. यात कम्प्लेंटचं स्वतःचं अबाउटही आलं. मुलांना हे वाक्य द्या आणि प्रत्येक शेपूट कुठल्या नामाचं आहे त्यावर बाण काढायला सांगा.